वाटपावर चालणारी खानावळ

मुंबईच्या चारकोप उपनगरातली मालवणी खानावळ बहुधा लहान घराच्या तळमजल्यावर असते. पुढच्या खोलीत चार-सहा टेबले, मागच्या खोलीत दोन-तीन शेगड्यांचा ओटा, मोरी आणि दाराशी नारळांचे पोते. बाहेर 'घरगुती मालवणी जेवण' अशी पाटी आणि तिच्याखाली खडूने लिहिलेला फळा: सुरमई थाळी, बांगडा थाळी, कोळंबी, तिसऱ्या, कोंबडी-वडे, सोलकढी. दुपारचे दोन वाजेपर्यंत फळ्यावरच्या बऱ्याच ओळी पुसल्या जातात. सकाळी जेवढे रांधले तेवढेच विकायचे, हा या धंद्याचा मूळ नियम आहे. त्यामागे मालकिणीचा हट्ट नसून स्वयंपाकाची रीत आहे.

खानावळ हा मुंबईचा जुना उद्योग. १८५४ साली कावसजी दावर यांनी शहरात पहिली कापड गिरणी काढली. पुढच्या काही दशकांत लालबाग-परळच्या गिरण्यांत काम करायला त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून माणसे येऊ लागली. (आजचा सिंधुदुर्ग जिल्हा त्यातूनच १९८१ साली वेगळा झाला.) बायकामुले गावी ठेवून आलेल्या आणि एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या चाकरमान्यांना दोन वेळचे जेवण हवे असे आणि तेही गावच्या चवीचे. शेजारच्या चाळीतली एखादी बाई महिन्याच्या बोलीवर दहा-वीस जणांचे रांधायची. पगार झाला की पैसे, तोवर वही. किराणा मात्र तिलाच उधारीवर आणावा लागे आणि त्यापायी ती सावकाराच्या कचाट्यात सापडे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना एकत्र आणले आणि बँकेच्या कर्जाचा रस्ता खुला केला. गिरणगावाच्या इतिहासात संप आणि मोर्चे यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. त्या मानाने हजारो कामगारांना रोज जेवू घालणाऱ्या या बायका उपेक्षितच राहिल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्यांचा काळ त्यानंतर संपतच गेला. कुटुंबे हळूहळू उपनगरांकडे सरकू लागली. त्याच दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने चारकोपला आखलेल्या प्लॉटांची वसाहत उभारली. रस्ते, पाणी, मलनिस्सारण सरकारने द्यायचे आणि घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे, अशी ही योजना होती. प्लॉट लहान होते. पंचवीस, तीस, चाळीस चौरस मीटर या मापांतच चारकोपचे लोक आजही घराबद्दल बोलतात. साधारण पस्तीस घरांची एक सोसायटी आणि मध्ये सामाईक चौक अशी रचना. घर स्वतःच बांधायचे असल्याने पुढची खोली रस्त्याकडे उघडी ठेवणे शक्य होते, आणि त्या खोल्यांत शिलाई, पिठाची गिरणी, शिकवणी, ब्युटी पार्लर असे नाना उद्योग सुरू झाले. जेवण त्यांतलेच एक. गिरणगावातली खानावळ एकट्या पुरुषांसाठी होती. चारकोपमध्ये ती कुटुंबांसाठी झाली. कचेरीतून उशिरा येणारे जोडपे, रविवारी सासरच्या माणसांना घेऊन येणारा जावई, पार्सल न्यायला आलेली शाळकरी मुले हे तिचे गिऱ्हाईक. वाढणारीला सगळे 'मावशी' किंवा 'वहिनी' म्हणतात आणि 'थोडा रस्सा घालू?' हे विचारले जातेच.

एका ताटात साधारणपणे माशाचा तळलेला तुकडा, त्याच माशाचे कालवण, एखादे सुके, चपाती किंवा तांदळाची भाकरी, भात, सोलकढी आणि कांदा-लिंबू असते. सगळे एकाच वेळी वाढले जात असले तरी जेवण्याला क्रम आहे. तुकडा गरम असतानाच खायचा, कारण तांदळाच्या पिठाचा किंवा रव्याचा थर पाच मिनिटांत मऊ पडतो. भाकरी सुक्याबरोबर. मग भातावर कालवण, आणि शेवटचा मूठभर भात सोलकढीसाठी राखायचा. बांगडा असेल तर त्याचे स्वतःचे तंत्र आहे. पाठीच्या रेषेवर अंगठ्याने हलके दाबले की मांस काट्यापासून सुटते. वरची बाजू खाऊन झाली की शेपटाकडून उचललेला मधला काटा डोक्यापर्यंत अखंड निघतो आणि खालची बाजू मोकळी होते. ताटाच्या कडेला ठेवलेला अखंड काटा हा जेवणाऱ्याच्या कसबाचा पुरावा असतो. चमच्याने हे जमत नाही, त्यामुळे हात धुण्याचे बेसिन खानावळीत टेबलांइतकेच महत्त्वाचे ठरते.

या ताटात नारळ किमान तीन रूपांत येतो: कालवणात वाटलेला, सुक्यात खवलेला आणि सोलकढीत दूध होऊन. खानावळीचा दिवस म्हणूनच नारळ फोडण्यापासून सुरू होतो आणि खानावळीचा कस लागतो तो वाटपात, म्हणजे वाटलेल्या खोबऱ्यात.

वाटप दोन प्रकारचे. माशाला ओले वाटप: ताजे खोबरे, भिजवलेली सुकी मिरची, धणे, हळद, थोडा कांदा, हे सगळे कच्चेच वाटायचे. कोंबडी, मटण आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला भाजके वाटप. हे भाजणे म्हणजे मालवणी स्वयंपाकातले सर्वांत अवघड काम. उभा चिरलेला कांदा कढईत जेमतेम तेलावर परततात. तो कडेने तपकिरी होऊ लागला की खोबऱ्याचा कीस पडतो. पहिली काही मिनिटे काहीच होत नाही, कारण खोबऱ्यातले पाणी उडत असते. वाफ ओसरली की कीस कोरडा होऊन कढईत खुळखुळू लागतो आणि रंग बदलतो: आधी फिकट पिवळा, मग बदामी, मग विटकरी. इथून पुढे उलथणे थांबवता येत नाही. आच मंद ठेवूनही कढईचा तळ आणि कडा यांच्या उष्णतेत फरक असतो, आणि तळाशी राहिलेला कीस अर्ध्या मिनिटात काळा पडतो. तो काळा कीस वेचून काढता येत नाही. त्याचा कडूपणा सगळ्या टोपाला लागतो आणि गूळ, चिंच, मीठ कशानेही जात नाही. उलट भीतीपोटी कढई लवकर उतरवली तर रस्सा फिका आणि गोडसर होतो. नेमका क्षण दिसण्याआधी नाकाला कळतो. खोबऱ्याच्या गोड वासात किंचित खमंग, भाजलेल्या दाण्यासारखा वास मिसळला की कढई खाली येते आणि कीस लगेच परातीत पसरला जातो. गरम लोखंडात तो राहिला तर आचेवरून उतरल्यावरही भाजला जातच राहतो. पन्नास माणसांच्या वाटपासाठी हे दोन-तीन घाण्यांत करावे लागते आणि प्रत्येक घाण्याचा रंग आधीच्याशी जुळावा लागतो.

नंतरचे वाटणे पूर्वी पाट्यावर होई. दगडावर खोबरे चिरडले जाते, तेल आणि रस एकजीव होतात. मिक्सरचे पाते ते कापत जाते. जास्त वेळ फिरवले तर भांडे तापते, तेल सुटून वेगळे होते आणि वाटप रवाळ राहते. चारकोपच्या खानावळींत पाटा क्वचितच दिसतो, कारण त्यावर पन्नास माणसांचे वाटप करायला सबंध सकाळ लागेल. मधला मार्ग म्हणजे दगडी रुळांचा वेट ग्राइंडर. इडली-डोशासाठी घडलेल्या या यंत्राबद्दल कोईमतूरला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्यात वाटप सावकाश, थंड आणि मऊ निघते. मिक्सरच वापरायचा तर पाणी घोटाघोटाने घालायचे, भांडे थांबवत थांबवत फिरवायचे आणि शेवटी चिमूटभर वाटप अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून पाहायचे. कण लागला की पुन्हा एकदा. रश्शाला पिठाशिवाय येणारा दाटपणा आणि वर धरलेला तांबडा तवंग या चोळून पाहण्यावरच अवलंबून असतो.

ओले वाटप दुपारनंतर आंबू लागते. भाजके संध्याकाळपर्यंत तग धरते. फ्रिजमध्ये ठेवले तर दुसऱ्या दिवशी चालते, पण त्याचा खमंगपणा गेलेला असतो. फळ्यावरच्या ओळी दोन वाजेपर्यंत का पुसल्या जातात, याचे उत्तर हे आहे.

मसाल्याचे गणित याच्या अगदी उलट. तो वर्षातून एकदा, एप्रिल-मे महिन्यांत होतो. मिरच्या उन्हात कडक वाळवायच्या: रंगासाठी बेडगी किंवा काश्मिरी, तिखटासाठी लवंगी किंवा संकेश्वरी. त्यांच्यासोबत धणे, बडीशेप, खसखस, मिरी, दालचिनी, दगडफूल, चक्रीफूल, नागकेशर, जायपत्री, लवंग आणि हळकुंड वेगवेगळे भाजून कांडून आणायचे. लालबागच्या मिरची गल्लीत हे सगळे एका फेरीत मिळते, आणि चारकोपहूनही अनेक घरे त्यासाठी खास तिथे जातात. आमसुले आणि त्रिफळे मात्र गावाहून, बोरिवलीला येणाऱ्या रात्रीच्या बसमधून.

या डब्यातल्या काही जिनसांचे मूळ फार दूरचे आहे. लवंग आणि जायपत्री इंडोनेशियाच्या मालुकू बेटांवरच्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाला त्या जवळजवळ तिथूनच मिळत. मिरची पोर्तुगिजांमार्फत अमेरिकेतून आली. कोकम ज्या गार्सिनिया कुळातले, त्याच कुळातली वाळवलेली आंबट फळे इंडोनेशियातल्याच सुमात्रात माशाच्या रश्शात पडतात. बांगड्याच्या तिखल्यात ठेचून टाकले जाणारे, जिभेला बारीक मुंग्या आणणारे त्रिफळ आणि उत्तर सुमात्रातल्या बाटाक लोकांचे आंदालिमान ही जवळची भावंडे आहेत. नारळ, तांदूळ, मासे आणि भरपूर पाऊस जिथे आहे तिथे दोन किनाऱ्यांनी स्वतंत्रपणे पुष्कळसा सारखा स्वयंपाक केला.

खानावळीला तर तिथे सख्खी बहीणच आहे. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ समाजात घर आणि जमीन मुलींकडे जाते, आणि मुलग्यांनी तरुणपणी गाव सोडून बाहेर कमवायला जाण्याची जुनी रीत आहे. या चाकरमान्यांनी जाकार्तापासून लहान गावांपर्यंत सगळीकडे पाडांग या तिथल्या शहराच्या नावाने ओळखली जाणारी भोजनगृहे काढली. तिथे फळाही नसतो आणि विचारणेही नसते. वाढपी हातावर बशांची उतरंड रचून आणतो, वीसेक पदार्थ टेबलावर मांडतो आणि गिऱ्हाइकाने ज्याला हात लावला त्याचेच पैसे घेतो. उरलेले परत जाते. हे परवडते ते रेंडांगसारख्या पदार्थांमुळे. गोमांस नारळाच्या दुधात तासन् तास शिजवून पाणी पूर्ण आटवायचे, तेलच उरले की त्यात ते काळसर होईपर्यंत परतायचे. असे मांस उष्ण हवेतही बरेच दिवस टिकते. ते प्रवासाचे अन्न आहे. पाडांगचा नारळ आटून टिकाऊ झाला म्हणून पाडांगची भोजनगृहे देशभर पसरू शकली. मालवणी नारळ ओलाच राहिला. त्यातच त्याची चव आहे, आणि खानावळ एका खोलीपलीकडे वाढत नाही याचे मोठे कारणही तेच.

सोलकढीचे तर आयुष्य आणखी लहान. आमसुले कोमट पाण्यात भिजवून कुस्करायची, नारळाचे पहिले घट्ट दूध त्यात घालायचे, लसूण-मिरची ठेचून, मीठ, कोथिंबीर. विस्तवाशी गाठ नाही. आंबटपणा आणि दूध यांचा तोल राहिला तर रंग फिकट गुलाबी येतो. आमसुलांचे पाणी जास्त पडले तर तो जांभळट होतो आणि दूध फुटल्यासारखे दिसते. तासाभराने वर साय, खाली पाणी असे थर होतात, म्हणून वाढण्यापूर्वी प्रत्येक वेळी ढवळावी लागते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमालाही भौगोलिक मानांकन आहे. बाटलीबंद गुलाबी पेयांना त्याचा रंग मिळतो, पण लसणीचा झटका ताज्या वाटीतच असतो.

वड्यांना मात्र घाई चालत नाही. तांदूळ, उडीद, धणे, मेथी, बडीशेप यांचे जाडसर दळलेले पीठ गरम पाण्यात मळून काही तास झाकून ठेवतात. मग प्लास्टिकच्या कागदावर थापून तेलात सोडायचा. वडा तळाशी जातो, वर येतो आणि झाऱ्याने तेल उडवले की फुगतो. फुगलेला वडा फोडून त्यातल्या वाफेवर कोंबडीचा रस्सा ओतायचा, ही चारकोपची रविवारची दुपार.

खानावळीचे वर्ष पंचांगावर चालते. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थीला मासळीचा खप निम्म्यावर येतो. त्या दिवशी काळ्या वाटाण्याचा सांबारा आणि वडे फळ्यावर चढतात. आषाढाच्या अखेरीस गर्दी उसळते आणि श्रावण लागला की टेबले रिकामी होतात. गणपतीत खानावळच बंद असते, कारण मालकीण, मदतनीस आणि निम्मे गिऱ्हाईक कोकणात गेलेले असते. मार्गशीर्षातले गुरुवार पुन्हा हलके. १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. एरवी मढ, भाटी, मनोरी, गोराईकडून ताजी मासळी घेऊन येणाऱ्या कोळणींच्या पाट्या त्या काळात हलक्या होतात आणि बर्फातला किंवा परप्रांतातला मासा घ्यावा लागतो. सुके बोंबील, सोडे आणि जवळा तेव्हा कामी येतात, आणि सोड्याची खिचडी अशा महिन्यांत जी चव देते ती ताज्या कोळंबीलाही जमत नाही.

अडचणींची सुरुवात नारळापासूनच होते. मुंबईत येणारा बहुतेक नारळ कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूचा. २०२४च्या उत्तरार्धापासून तिथले उत्पादन घटले आणि वर्षभरात नारळ, खोबरे, खोबरेल तिन्ही कडाडले. इतर हॉटेले अशा वेळी काजूची पेस्ट, टोमॅटो, मैदा यांवर वेळ मारून नेतात. मालवणी रश्शातून खोबरे काढले तर उरते ते तिखट पाणी. थाळीचा भाव वाढवावा तर शेजारपाजारचे गिऱ्हाईक तुटते. ते रोजचे, ओळखीचे आणि दहा-वीस रुपयांचाही फरक जाणवणारे असते. मग नारळाचे प्रमाण थोडेसे उतरते, सोलकढीत दुसरे पातळ दूध मिसळले जाते. तक्रार कोणी करत नाही, फक्त येणे कमी होते.

मासळीची गोष्ट याहून गंभीर आहे. चंदेरी पापलेटाला महाराष्ट्राने २०२३ साली राज्य मासा घोषित केले, ते त्याची घटती आवक आणि कोवळ्या पिल्लांची चाललेली पकड लक्षात घेऊन. खानावळीच्या फळ्यावर पापलेट आता 'भाव विचारून' या शब्दांनी येते. मोठी सुरमई निर्यातदार आणि मोठी हॉटेले उचलतात. उरतो बांगडा, मांदेली, बोंबील. खरे तर मालवणी घरांचे रोजचे मासे हेच, आणि त्यांच्यावर चालणारी खानावळ जास्त अस्सलही असते. पण रविवारी पाहुण्यांना घेऊन आलेल्या माणसाला सुरमईच हवी असते.

घरपोच जेवणाच्या अ‍ॅपने गिऱ्हाईक वाढवले, पण बिलातला मोठा वाटा नेला. शिवाय हे अन्न डब्यात नेण्यासारखे नाही. पिशवीत बांधलेला वडा वीस मिनिटांत बसतो, तुकड्याचा कुरकुरीतपणा जातो, सोलकढीचे थर होतात. अ‍ॅपवर मात्र दर्जा ठरतो तो घरी पोचलेल्या डब्यावरून. त्या स्पर्धेत टिकण्यासाठी काही स्वयंपाकघरांनी एकच तयार 'मालवणी ग्रेव्ही' ठेवायला सुरुवात केली: गोठवलेले भाजके वाटप, त्यातच कोंबडी, त्यातच कोळंबी, त्यातच सुरमई. वेळ वाचतो, नासाडी टळते आणि सगळे पदार्थ एकाच चवीचे होतात. भाजके वाटप माशाला मारते, हे मालवणी घरातल्या पोरालाही ठाऊक असते. बाजारात 'मालवणी' म्हणून ओळखली जाऊ लागलेली चव आता पुष्कळदा हीच आहे, आणि पुढच्या पिढीला हीच मूळ वाटण्याचा धोका खरा आहे.

सर्वांत अवघड प्रश्न हातांचा. कढई कधी उतरवायची हे ज्या नाकाला कळते ते बहुधा साठीच्या आसपासचे असते. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या आणि आईने शेगडीपाशी काढलेली तीस वर्षे त्यांनी पाहिलेली आहेत. त्यांनी हा धंदा नाकारला तर त्यांना दोष देता येणार नाही. मदतीला येणाऱ्या बाया बदलत राहतात. त्यांना प्रमाण लिहून देता येते. भाजण्याचा रंग लिहून देता येत नाही. शिकायला एखादा पावसाळा तरी लागतो, आणि तेवढ्या काळात जास्त पगाराचे घरकाम मिळाले की बाई जाते. जागाही आकसते आहे. बैठ्या घरांवर मजले चढले, घरांच्या किमती वाढल्या, मेट्रो आली. तळमजल्याची खोली मोबाइलच्या दुकानाला किंवा दवाखान्याला भाड्याने दिली तर रांधण्याच्या कष्टाशिवाय बरे पैसे येतात. कुटुंबाचा हिशेब बहुतेक वेळा त्याच बाजूला झुकतो. खोताचीवाडीतली अनंताश्रम ही खानावळ तर मोठ्या नावलौकिकानंतरही बंद झाली.

ज्या खानावळी टिकून आहेत त्यांनी फळा लहान केला आहे. रोज दोनच मासे आणि एक सुके, रात्रीचे जेवण बंद, कोंबडी-वडे फक्त रविवारी आणि तेही आदल्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नोंदवलेले. नोंद आधी आली की नारळ नेमके फोडता येतात आणि वाटप उरत नाही. काहींनी उन्हाळ्यात स्वतःच्या गरजेहून जास्त मसाला कांडून घ्यायला सुरुवात केली आहे. अर्धा आणि पाव किलोच्या पाकिटांत तो वर्षभर विकला जातो, मुलांबरोबर पुण्या-बंगळुरूला आणि परदेशातही जातो. श्रावण, मार्गशीर्ष आणि मासेमारी बंदीच्या महिन्यांतले घरभाडे आणि मदतनिसांचे पगार अशा ठिकाणी आता या मसाल्यातून निघतात.